स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी संस्था कशी पारखावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पालकगटात वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात. कुणी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर विचारतं, तर कुणी मीटिंग संपल्यावर जिन्यात थांबवून. मी बहीण आहे, आई नाही. माझा धाकटा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, वय ३४, आणि गेली सहा वर्षं तो निवासी संस्थेत राहतो. खाली लिहिलेलं काही कायद्यातलं आहे, काही हिंडून शिकलेलं. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, म्हणजे तेच दोनदा वाचावं लागणार नाही.

१. स्वमग्न, मतिमंद, गतिमंद, अध्ययन अक्षम... नेमका शब्द कोणता वापरायचा?

हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता वेगळी, बौद्धिक अक्षमता वेगळी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे डिस्लेक्सियासारखी) वेगळी. स्वमग्न व्यक्तीला बौद्धिक अक्षमता असेलच असं नाही. अनेकांना दोन्ही असतात. 'मतिमंद' हा शब्द जुन्या कागदांवर आणि शाळांच्या पाट्यांवर अजून दिसतो, बोलण्यातून मात्र तो काढून टाकावा.

परदेशातल्यांसाठी एक गोष्ट: ब्रिटनमध्ये ज्याला 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणतात ती आपल्याकडची बौद्धिक अक्षमता. लंडनहून आलेल्या एका मावशींनी या एका शब्दापायी अध्ययन अक्षमतेच्या केंद्रात दोन हेलपाटे घातले होते.

२. शाळा अठराव्या वर्षी संपली. आता पुढे काय काय असतं?

बहुतेक विशेष शाळांचं दार अठराव्या वर्षी बंद होतं आणि पालकांना तेव्हाच पहिला धक्का बसतो. त्यापुढे कार्यशाळा असतात (उटणं, पणत्या, कागदी पिशव्या, फाइली), डे-केअर असतं, थोड्या दिवसांसाठी ठेवून घेणाऱ्या संस्था असतात आणि कायमच्या निवासी संस्था असतात. नॅशनल ट्रस्टच्या (ही केंद्र सरकारची संस्था, प्रश्न १३) 'समर्थ' आणि 'घरौंदा' या योजना निवासाच्या आहेत, 'विकास' ही दिवसभराच्या केंद्राची. तुमच्या जिल्ह्यात यांतलं काय चालू आहे ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा. तिथे यादी मिळते. ती जुनी असू शकते, म्हणून यादीतल्या प्रत्येक ठिकाणी आधी फोन करून बघा.

३. संस्था नोंदणीकृत आहे हे कसं तपासायचं?

'आमचं रजिस्ट्रेशन आहे' असं सांगून बहुतेक जण धर्मादाय आयुक्तांकडचा ट्रस्टचा कागद दाखवतात. त्यावरून ट्रस्ट अस्तित्वात आहे एवढंच कळतं. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात हा विषय पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे आहे. प्रमाणपत्रावर पत्ता आणि मुदत बघा. नोंदणी एका जागेची आणि मुलं राहतात दुसऱ्याच जागी, असं आम्ही दोनदा पाहिलं. अठरा वर्षांखालची मुलं राहत असतील तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणीही लागते.

विशेष शिक्षकांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. तो बिनदिक्कत विचारा. चांगल्या शिक्षकाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

४. सगळे कागद चोख आहेत. मग संस्था चांगली समजायची ना?

नाही. कागद नसतील तर तिथूनच परत फिरा. पण कागद असले म्हणजे परीक्षा फक्त सुरू झाली.

इंग्लंडमध्ये तर दर्जा तपासून श्रेणी देणारी स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे. तरीही डरहॅम परगण्यातल्या व्होर्लटन हॉल या रुग्णालयात स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग रुग्णांचा छळ चालतो हे २०१९ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं, आणि त्या वेळी त्या जागेला 'चांगली' अशी श्रेणी होती. त्याआधी २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यूचंही असंच उघड झालं होतं. आपल्याकडे त्याच वर्षी पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींच्या संस्थेतले अत्याचार बाहेर आले. उच्च न्यायालयाने नेमलेली समिती तिथे जाऊन आली तेव्हा. २०१३ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली.

या तिन्ही ठिकाणी आतलं रोजचं जगणं बाहेरच्या माणसाला दिसत नव्हतं. म्हणून मी कागदांनंतर पहिला प्रश्न हाच विचारते: इथे न सांगता येता येतं का?

५. भेटीला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

पहिली भेट ठरवून होते. ती धरू नका. त्या दिवशी रांगोळी असते, मुलं गाणं म्हणतात, तुम्हाला गुलाबाचं फूल मिळतं. दुसऱ्यांदा आठवड्यातल्या मधल्याच वारी जा, दुपारी चारच्या सुमाराला. जेवणं झालेली, वर्ग संपलेले, चहा व्हायचाय. संस्थेचा खरा स्वभाव या तासाला दिसतो. वीस माणसं भिंतीला टेकून बसलीत, समोर टीव्ही चालू, आणि सांभाळणाऱ्या मावशी मोबाइलमध्ये? की कुणी लसूण सोलतंय, कुणी झोपाळ्यावर, कुणी नुसतंच आपल्या आवडीच्या कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात बसू दिलं जातंय?

मग बाथरूम मागा. टूथब्रश मोजा. नावं घातलेले आहेत का, ओले आहेत का, झिजलेले आहेत का. एका संस्थेत तीस माणसांमागे एका डब्यात तीस नवेकोरे ब्रश होते, सगळ्यांच्या दांड्या एकाच रंगाच्या. ते बहुधा आमच्यासाठीच काढले होते. संडासाला आतून लावायची कडी आहे का, बाहेरून अडकवायची आहे का, हेही बघा. बाहेरची कडी दिसली तर ती कशासाठी, हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभे राहा.

कपड्यांचं कपाट स्वतःचं आहे की सगळ्यांचे कपडे एका ढिगात? माझ्या भावाच्या आधीच्या ठिकाणी त्याच्या अंगावर दर भेटीला दुसऱ्याचाच शर्ट असायचा. 'सगळी आपलीच मुलं आहेत ताई,' असं हसून सांगायचे. पण ज्याला कॉलरचा टॅग मानेला टोचतो, त्याला परक्याचा शर्ट म्हणजे दिवसभराची शिक्षा.

नखं बघा. आणि कर्मचारी त्यांच्याशी बोलतात कसे ते ऐका: नावाने, की 'ए', की तिऱ्हाईतासारखं त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल. माझ्या लेखी हे एकच लक्षण बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार आहे.

६. किती जणांमागे किती कर्मचारी असावेत?

आकडा प्रत्येकाच्या गरजेवर ठरतो. स्वतः जेवणाऱ्या दहा जणांना जे पुरतं ते फिट येणाऱ्या तिघांना पुरत नाही. म्हणून तीन नेमके प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता जागं कोण असतं? (झोपलेलं नव्हे, जागं.) दिवाळीत आणि गणपतीत किती जण सुटीवर जातात? आणि गेल्या वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले? तिसऱ्या प्रश्नाला सहसा थेट उत्तर येत नाही. मग मावशींनाच विचारा, 'तुम्ही इथे किती वर्षं?' सगळ्याच जणी 'दोन महिने' म्हणाल्या तर समजून घ्या. स्वमग्न माणसासाठी ओळखीचा चेहरा ही चैन नाही, ती पायाखालची फरशी आहे.

७. मोठी देणगी दिली तर 'आजीवन सांभाळू' म्हणतात. द्यावी का?

लेखी करार असल्याशिवाय नाही. करारात दोन गोष्टी हव्यातच: संस्थेने पुढे ठेवून घ्यायला नकार दिला तर रकमेचं काय, आणि तुम्ही काढून नेलं तर काय. 'स्वेच्छा देणगी' अशी पावती मिळाली की ती रक्कम परत मागणं अवघड जातं. महिन्याची फी देत राहणं कटकटीचं वाटतं, पण तुम्हाला बोलायची जागा राहते.

८. संस्था म्हणते, 'आक्रमक झालाय, घेऊन जा.' काय करायचं?

आधी वही मागा. कधी झालं, कुठे, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर काय केलं. वही नसेल तर तुम्हीच ठेवायला सांगा, दहा-बारा दिवसांची तरी.

माझ्या भावाचं सांगते. तो फारसं बोलत नाही. जाहिरातींची शेवटची ओळ तेवढी म्हणतो. तिसऱ्या महिन्यात त्याने ताटं फेकायला सुरुवात केली, एका मावशींना चावला. फोन आला: मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, नाहीतर घरी न्या. तिथल्या एका तरुण शिक्षिकेने स्वतःहून वही ठेवली होती. तिच्या अकरा नोंदींपैकी नऊ सकाळच्या चहाच्या किंवा रात्रीच्या गरम आमटीच्या होत्या. दुपारचं जेवण तो गारच खातो, तेव्हा काहीच नाही. खालची दाढ आतून किडली होती. ती काढली आणि आठवड्याभरात ताटं जागेवर राहिली.

म्हणून वागणं अचानक बदललं तर दात, कान, पोट हे आधी बघा. बद्धकोष्ठ हे कारण फार वेळा निघतं, आणि दुर्लक्ष झालं तर ते जिवावरही बेततं. मग बघा, खोली बदलली का, शेजारचा मित्र गेला का, नवा मिक्सर आला का. डॉक्टरही कधी कधी 'हे यांचं असतंच' म्हणून तपासायचं टाळतात. तिथे आपणच हट्ट धरायचा: 'हा बोलू शकत असता तर तुम्ही काय तपासलं असतं, ते तपासा.'

९. गोळ्या देऊन झोपवून ठेवतात अशी शंका आहे.

औषध वाईट असं नाही. फिट्सची औषधं तर एक वेळही चुकता कामा नयेत, आणि स्वमग्नतेत फिट्सचं प्रमाण बरंच आहे. पण शांत ठेवण्यासाठी दिलेल्या गोळीबद्दल चार गोष्टी लेखी हव्यात: कुणी लिहून दिली, कशासाठी, कधीपासून, पुन्हा कधी तपासणार. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने भूक आणि वजन वाढतं, सुस्ती येते. दर भेटीला वजन विचारा. लाळ गळणं, हात थरथरणं, पाय ओढत चालणं नव्याने दिसलं तर फोटो नको, छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. गोळी तुम्ही मनाने बंद मात्र करू नका. अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

१०. मारहाण किंवा बांधून ठेवल्याचं कळलं. तक्रार कुठे?

मूल अठरा वर्षांखालचं आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर थेट पोलीस. पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती असलेल्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि मूल दिव्यांग असेल तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. मुलांसाठी १०९८, तातडीला ११२.

मोठ्या माणसासाठीही पोलीस आहेतच. त्याखेरीज दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे व्यवहारात तहसीलदार किंवा प्रांतांना, कुणीही कळवू शकतं. नातेवाईकच असायला हवं असं नाही, शेजारीही चालतो. त्यांना माणसाला तिथून सोडवण्याचे अधिकार आहेत. कलम ९२ खाली मानहानीच्या हेतूने मारहाण, चारचौघांत अपमान, इतकंच काय, ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला मुद्दाम अन्नपाणी न देणं, यालाही सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. 'ऐकत नाही म्हणून रात्रीचं जेवण बंद' हे शिस्तीत बसत नाही, गुन्ह्यात बसतं. संस्थेच्या नोंदणीबद्दलची तक्रार पुण्याच्या आयुक्तालयाकडे, हक्क डावलल्याची राज्य दिव्यांग आयुक्तांकडे.

तक्रार करण्याआधी माणूस सुरक्षित जागी हलवा. क्रम उलटा झाला की त्रास त्याला होतो, तुम्हाला नाही.

११. तो बोलतच नाही. आतलं कसं कळणार?

अंग बोलतं. घरी आल्यावर पहिली अंघोळ तुम्ही घाला आणि पाठ, काखा, मनगटं, घोटे बघा. सगळ्याच खुणा माराच्या नसतात. माझा भाऊ स्वतःच मनगट चावतो. पण स्वतःच्या पाठीवर सहसा कुणी वळ उठवत नाही. एखादं नाव ऐकून तो आक्रसतो का, एखाद्या खोलीत जायला नकार देतो का, नव्याने अंथरूण ओलं होतंय का, हेही धरा.

चित्रांची पट्टी किंवा टॅबलेटवरचं चित्रफलक वापरत असेल तर त्यात 'दुखतंय', 'नको', 'मारलं' आणि शरीराचे सगळे अवयव आहेत ना? अनेक फलकांवर पोळी, पाणी, शू एवढंच असतं. मागण्यासाठी चित्रं दिली, तक्रारीसाठी दिलीच नाहीत.

१२. मुलगी वयात आली. संस्था म्हणते गर्भाशय काढून आणा, मगच घेऊ.

ठाम नाही म्हणा. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, कारण पाळीची स्वच्छता राखणं जड जातं. त्यावर मोठा गदारोळ झाला. २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचाही स्वतःच्या गर्भावरचा निर्णय तिचाच मानला.

पॅड बदलणं शिकवता येतं, निकरवर रंगीत खूण करून, बाहुलीवर दाखवून, महिनोन्‌महिने. ज्या संस्थेला हे जड जातं तिला बाकीचंही जड जाणार. शिवाय गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा थांबतो.

१३. तो १८ चा झाला. आता सही कुणाची? संस्थेलाच पालक केलं तर?

अठराव्या वर्षी आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे अर्ज करायचा. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांपुरता. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब. छळ, दुर्लक्ष किंवा अफरातफर झाली तर पालक बदलता येतो.

नोंदणीकृत संस्थाही पालक होऊ शकते. माझं मत विचाराल तर, जिथे तो राहतो ती संस्था नको. फी घेणारा, सांभाळणारा आणि सही करणारा एकच झाला तर तक्रार कोण करणार? कुणीच नसेल तर दुसरी संस्था बघा.

आणि ज्याला थोड्या मदतीने समजतं, अशा प्रत्येकाला पालकत्वाची गरज नसते. २०१६ च्या कायद्यात तर त्याच्याशी विचारविनिमय करून निर्णय घेण्याचं, ठरावीक बाबींपुरतं मर्यादित पालकत्व आहे.

१४. मी अमेरिकेत, भाऊ नाशिकला. लांबून कसं लक्ष ठेवू?

नॅशनल ट्रस्टच्या नियमांप्रमाणे कायदेशीर पालक (प्रश्न १३) भारतीय नागरिक असावा लागतो. तुम्ही तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर इथला चुलतभाऊ, मावसबहीण यांच्याशी आधी बोला. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर भिस्त ठेवू नका, त्या दिवशी केस विंचरलेले असतात. गावातलं कुणीतरी महिन्यातून दोनदा, न सांगता (प्रश्न ५), दहा मिनिटं जाऊन येईल अशी व्यवस्था हवी. त्याच्या रिक्षाचे पैसे तुम्ही द्या. पाठवलेल्या फीपेक्षा त्या रिक्षाभाड्याचा उपयोग जास्त होतो.

१५. आम्ही आहोत तोवर घरी, आमच्यानंतर संस्थेत. असंच बरं ना?

मला हे पटत नाही. आई गेली त्याच आठवड्यात घर, अंथरूण, चहाचा कप, सगळंच गेलं, असा बदल कुणाच्याही वाट्याला येऊ नये. तुम्ही धडधाकट असताना दोन दिवसांपासून सुरुवात करा, मग आठवडा. भावाबरोबर आम्ही त्याचा स्टीलचा पेला पाठवला होता, तळाला पोचा आलेला. सोबत दोन पानं: काय आवडतं, कशाने बिनसतं, बिनसलं तर काय करायचं, कुठे हात लावलेला चालत नाही. ती पानं दर वर्षी नव्याने लिहिते.

१६. निरामय विमा घ्यावा का?

घ्यावा. हा नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, प्रश्न १३ मधल्या चार गटांसाठी, वर्षाला १ लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नूतनीकरणाची तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती चुकली म्हणून फोन करणारे दर वर्षी असतात.

१७. आमच्या भागात काहीच नाही.

बदलापूरचं 'आधार' आणि डोंबिवलीजवळच्या खोणीचं 'घरकुल' ही दोन्ही पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली ठिकाणं. जाऊन बघा, आणि इमारतीपेक्षा त्यांनी सुरुवात कशी केली ते विचारा. लगेच निवासी काढायला जाऊ नका. चार-पाच घरं मिळून आठवड्यातून तीन दुपारी एकाच्या हॉलमध्ये जमलात तरी आईला बँकेत जाता येतं.

१८. संस्था चांगली वाटते, तरी सुटीनंतर परत जाताना तो रडतो. म्हणजे तिथे काही चुकतंय का?

सहसा नाही, पण गृहीत धरू नका. प्रश्न ११ मधल्या खुणा बघा. त्या नसतील तर रडणं किती वेळ टिकतं ते विचारा, आणि कळत नसेल तर गेटबाहेर अर्धा तास थांबा. मी थांबले आहे. गाडी वळवून परत आले तेव्हा भाऊ पायरीवर बसला होता, डोळे अजून ओले, आणि शेजारच्या मित्राला आईने दिलेल्या चकल्या एकेक करून मोजून देत होता. त्याने मला पाहिलं आणि हाताने 'जा' म्हणून खूण केली.